गुडघाभर चिंच

फाल्गुनातल्या एका सकाळी युसूफवडगावच्या थांब्यावर सत्यभामा एसटीत चढली, तेव्हा तिच्या खांद्याला कपड्यांची पिशवी होती, एका हातात शेळ्यांच्या लेंड्यांचं बोचकं होतं आणि कडेवर, लेकरू घ्यावं तसं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक झाड होतं. वर छाटलेल्या फांद्यांचे खुंट, खाली मुळांचा गोळा.

कंडक्टरनं खालपासून वरपर्यंत बघितलं. "मावशी, सरपण घेऊन चाललाव का अंबाजोगाईला?"

"सरपण म्हनू नको बाबा. पेशंट हाय."

गाडी हसली. अंबाजोगाईला जाणाऱ्या गाडीत निम्मी माणसं दवाखान्याचीच असतात. एका म्हातारीनं सरकून जागा दिली आणि गोणपाटावर हात ठेवून विचारलं, "काय झालंय त्याला?"

"पाय कापल्यात."

"आगं बया! मग मेडिकललाच उतर की."

खिडकीखाली आसाराम उभा होता. सत्यभामेचा नवरा. डोक्याला मुंडासं, हातात काठी, आणि तोंडावर हसावं की रुसावं हे न ठरलेलं. गाडी सुरू झाली तसा तो सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असा ओरडला, "लोकांच्या लेकी शिकायला जात्यात, माझी बायको चाललीया! शेळ्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, लवकर येत न्हाई म्हनून!" सत्यभामा खिडकीतून ओरडली. आणि तिलाच नवल वाटलं, की हे बोलताना आपल्याला रडू येत नाही. उलट गाव मागं पडायच्या आधीच तिची नजर पुढच्या रस्त्यावर गेली.

सत्यभामेनं पंचेचाळिशी ओलांडली होती. दोन्ही लेकी नांदायला गेलेल्या. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा दिवस माळावर उगवायचा आणि माळावर मावळायचा. त्या माळावर खडकाच्या कपारीत एक चिंच होती. चिंचेचं झाड म्हणजे गाव सावलीला बसावं एवढं. ही मात्र गुडघ्याला लागायची. पालवी फुटली की शेळ्या खुडायच्या, पुन्हा फुटली की पुन्हा खुडायच्या. वर जाता येईना म्हणून ती जाड होत गेली, मनगटाएवढी, मग दंडाएवढी. खोडाला सुरकुत्या पडल्या, पाठीत बाक आला, आणि पान मात्र दर साली नव्या नवरीच्या हातासारखं कोवळं. सत्यभामा तिच्याशेजारी भाकरी सोडायची आणि आपल्याशीच म्हणायची,

डोंगराच्या अंगावर, चिंच उभी गुडघाभर
शेळी खुडती पालवी, तरी हसू वठावर

मागल्या दिवाळीनंतर एक जीप माळाखाली थांबली. सत्तरीच्या घरातली एक बाई काठी टेकत वर आली. सुती पातळ, पायात कापडी बूट. ती चिंचेपुढं जी बसली ती उठेचना. सत्यभामेला वाटलं, म्हातारीला चक्कर आली. पाण्याची बाटली घेऊन ती पळत गेली.

"बाई, ऊन लागलं का?"

"हिला घडवलं कुणी गं?" बाईनं चिंचेवरची नजर न काढता विचारलं.

"घडवतंय कोन? शेळ्या खात्यात."

बाई एवढी हसली की काठी हातातून पडली.

ती बायनाबाई, सगळ्यांची अक्का. घाटनांदूरच्या मोठ्या शेतकरी घरातली लेक. नवरा अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवायचा, तो आता नव्हता. भाऊ सगळे राजकारणात. "ते माणसं वळवतात, मी फांद्या वळवते," असं ती सांगायची. चाळीसेक वर्षं तिनं कुंड्यांत मोठमोठी झाडं लहान करून वाढवली होती. बोन्साय. तिनं फोनवर एक वड दाखवला. ताटाएवढी कुंडी, पारंब्या टेकलेल्या, खाली शेवाळाचं गवत. सत्यभामेनं फोन नाकाला लावून बघितला.

"चितारलंय व्हय?"

"जिवंत आहे. माझ्या लेकापेक्षा वर्षानं मोठा आहे तो वड."

सत्यभामा बघतच राहिली. वीत-दीड वीत झाड, पण त्याखाली आपण भाकरी सोडून बसलोय असं तिला दिसायला लागलं. एवढ्याशा झाडात एवढी सावली कुणी ठेवली?

"ही चिंच मला देतेस का?" बायनाबाईनं विचारलं.

उत्तर सत्यभामेच्या तोंडून तिच्या आधी बाहेर पडलं. "एकटीला न्हाई देत. मी बी येते तिच्यासंगं. मला शिकवा."

म्हातारीनं आता पहिल्यांदा झाड सोडून तिच्याकडे नीट बघितलं. "शिकणं म्हणजे तासाभराचा क्लास नव्हे. माझ्याकडं वर्षभर राहावं लागतं. सगळे ऋतू बघितल्याशिवाय मी कुणाच्या हातात हत्यार देत नाही. आणि पहिलं झाड ज्याचं त्यानं लावायचं. जगलं तर राहायचं. मेलं तर पिशवी उचलायची. झाडं मारून शिकणारे आले आणि गेले, आता मला ते बघवत नाही."

त्या संध्याकाळी धार काढता काढता सत्यभामेनं आसारामला सांगितलं. त्यानं मोकळी शेळी दाव्याला बांधली. मग म्हणाला, "झाड बुटकं ठिवायचं शिकायला अंबाजोगाईला कावून जायचं? आपल्या घरात बुटक्याची काय कमी हाय? मलाच बघ."

"तुमाला खुडायला शेळी गावली न्हाई, न्हाईतर तुमी बी कुंडीत बसला असता."

"आन् लोक म्हनतील, ह्या वयात?"

"अक्का म्हनल्या, झाडाचं वय वाढलं की मोल वाढतंय."

"ते झाडाचं!" आसाराम म्हणाला. पण फाल्गुनात पानं गळाली तेव्हा पहार खांद्यावर टाकून माळावर आधी तोच गेला. खडक सुटा करायला त्यानं दोन सकाळी घालवल्या. मोठं मूळ तोडायची वेळ आली तेव्हा मात्र त्यानं पहार बायकोच्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला.

अंबाजोगाईत अक्काच्या घरामागचं फाटक उघडलं आणि सत्यभामेनं कडेवरचं झाड हळूच खाली ठेवलं. बोरी, हिवर, पिंपळ, उंबर, आपटा, जे जे झाड तिनं माळावर, ओढ्याकाठी, देवळामागं बघितलं होतं, ते सगळं लाकडी फळ्यांवर रांगेनं उभं होतं, कुणी वाकलेलं, कुणी वाऱ्यानं झोडपल्यासारखं, कुणी दगडाला मिठी मारून. फांद्यांना तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या, जशा नव्या सुनेच्या हातात पाटल्या. ती एका उंबरापुढं थांबली. त्याला उंबरं लागली होती, गोट्यांएवढी, लालसर.

तिनं तिथूनच फोन लावला. "आवो! ताटलीत उंबर हाय! आन् त्याला उंबरं आल्यात!"

"मग खा," आसाराम म्हणाला. "मी हितं करपलेली भाकर खायलोय."

दुपारी लावणी झाली. अक्कानं एक रुंद, उथळ, मातीची कुंडी काढून दिली. मुरूम चाळायला लावला, बारीक पूड वेगळी, खडे वेगळे. मुळं कुठून कापायची ते काठीनं दाखवलं, आणि जखम मोठी असली की तिथं मेण लावायचं ते सांगितलं. सत्यभामेचे हात चालायला लागले तशी तिची जीभही चालायला लागली. हे कावून, ते कावून. अक्का सांगत होती आणि मधेच हसत होती. "बाई गं, माझे नातू एवढं विचारत नाहीत."

तेवढ्यात घरात फोन वाजला. अक्का आत गेली. सत्यभामा झाडाशी एकटी राहिली.

आता ही गोष्ट धनगराच्या घरात वाढलेल्या माणसालाच कळेल. शेतकरी पेरणीआधी हात जोडून धनगराला बोलावतो, आपल्या रानात शेळ्या-मेंढ्या बसवायला सांगतो, वर जेवू घालतो. ज्या रानात कळप बसला त्या रानातली ज्वारी माणसाला झाकते. सत्यभामेच्या माहेरी तर नव्या घराच्या अंगणात आधी लेंड्या पडू देत, मग सडा घालत. लेंडी म्हणजे बरकत. लेकराला बाळसं यावं म्हणून जे आई करते तेच तिनं केलं. बोचकं सोडलं, ओंजळभर ताज्या लेंड्या घेतल्या, मुळांच्या एका अंगाला पसरल्या, त्यावर मुरूम ओढला. दुसऱ्या अंगाला घालणार तोच अक्काची काठी वाजली.

"झालं का?"

"झालं अक्का."

"मग पाणी घाल. हळू. झाडाला कळू नये असं."

अक्काला सांगायचं तिच्या मनात आलंही नाही. भाकरीला मीठ घातलं हे कुणी सांगतं का?

मग दिवस असे पळाले की सत्यभामेला वेळ पुरेना. पहाटे झारीनं पाणी. शेवाळातलं तण चिमट्यानं वेचायचं. सूर्य सरकेल तशा कुंड्या सरकवायच्या. अक्का तिला एकेका झाडापुढं बसवायची आणि विचारायची, "हे कुठून वाकलं? कुठला वारा लागलाय ह्याला? ह्याची कोणती फांदी खोटी बोलते सांग." सत्यभामा बघायची, चुकायची, पुन्हा बघायची. कैचीला हात लावायची मुभा नव्हती, पण डोळ्यांना कोण अडवतं? रस्त्यानं जाताना, भाजी घेताना, तिला आता सगळं झाड फांदी-फांदीनं दिसायला लागलं. चाळीस वर्षं झाडांखाली काढली, आणि झाडं आत्ता कुठं बोलायला लागलीत, असं तिला वाटायचं. एकदा शेवाळ धुताना ती गुणगुणली,

लेकी जाती सासरला, मी लिहिते पाटीवरी
एवढ्याशा कुंडीमंदी, माळ माझा हिरवा करी

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. "पुन्हा म्हण," म्हणाली.

पाडव्याला चिंचेला डोळे फुटले. दोन्ही अंगांना, तांबूस, तांदळाच्या कणीएवढे. सत्यभामेनं फळीभोवती अक्षरशः फेर धरला. घरात गुढी उभी होती, तिची साखरेची माळ काढून चिंचेला घालू का म्हणून तिनं विचारलं. अक्का म्हणाली, "मुंग्या येतील. गप बस."

आणि मग एका सकाळी उजव्या अंगाचे डोळे काळे पडले. चिमटीत धरले तर राखेसारखे सुटले.

सत्यभामेच्या हातातली झारी खाली गेली. अक्कानं चष्मा लावला, उजव्या फांदीची साल नखानं किंचित खरवडली. खाली हिरवं असायला हवं होतं. तपकिरी निघालं. मग तिनं लाकडी काडीनं कुंडीतला मुरूम उकरला, वाकली, आणि वास घेतला.

"सत्यभामे."

"जी."

"ह्या कुंडीत शेळी बसली होती का?"

सत्यभामेचा चेहरा उतरला. "न्हाई अक्का. मीच घातल्या. लेंड्या."

"किती?"

"ओंजळभर. दुसऱ्या अंगाला बी घालणार हुते, तुमी आला."

"बरं झालं आले!" अक्काचा आवाज चढला. "बाळंतिणीला पहिल्याच दिवशी मटणाचा रस्सा वाढतेस का गं तू?"

"न्हाई. पेज देतो."

"मग? हिचे पाय कापून चार दिवस नव्हते झाले. उघड्या जखमेवर तू कच्चं खत चोळलंस. तुझं रान मोठं असतं, तिथं ते जिरतं, पाऊस धुऊन नेतो. ही एवढीशी ताटली. हिला पळायला जागा कुठं?"

सत्यभामा खाली बसली. ओरडण्याचं तिला काही वाटलं नाही. आपण मायेनं केलं आणि त्यानंच जळालं, हे मात्र तिला पचेना. माळावर इतकी वर्षं शेळ्यांचे दात, उन्हाळे, वणवे सोसून राहिलेली चिंच आपल्या ओंजळीनं चालली.

"जाऊ का मी, अक्का?"

"पिशवी झाड मेल्यावर उचलायची असते. अजून मेलं कुठंय? उठ. लेंड्या वेच, एक राहता कामा नये. मुरूम धू. आणि अक्षय तृतीयेपर्यंत हिच्याकडं बघायचं, हात लावायचा नाही. डावं अंग धरतंय का बघू."

ते दिवस सत्यभामेला जड गेले, आणि तरी गंमत अशी की ती रोज सकाळी उठायची ती पळतच. आज काय दिसेल? डाव्या अंगाचे डोळे फुगायचे थांबले होते, पण काळे पडले नव्हते. ती त्यांच्यापुढं उकिडवी बसायची. आसारामचा फोन यायचा.

"जगतंय का?"

"ठरवतंय."

"न्हाई जगलं तर ये. माळावर हेकळी हायत, बोरी हायत, मी बी हाय."

"आन् जगलं तर?"

पलीकडून त्यानं एका शेळीला हाकललं. "जगलं तर मी भाकर करायला शिकतो," आसाराम म्हणाला.

अक्षय तृतीयेला तो स्वतःच आला, गावातल्या कुणाची तरी मोटारसायकल मागून. मागच्या सीटला त्यानं दोरी बांधून ठेवली होती. कशाला, हे विचारायची कुणाला गरज नव्हती. सत्यभामेनं त्याला पाणी दिलं आणि मागल्या अंगणात नेलं. अक्का आधीच चिंचेपुढं खुर्ची टाकून बसली होती.

उजवं अंग वाळून कोळ झालं होतं. आणि डाव्या अंगाला, सगळ्यात खालच्या फांदीवर, रात्रीतून एक पान उलगडलं होतं. चिंचेचं एवढंसं पान, दोन्ही बाजूंना बारीक दळं, जशी कुणी हिरवी फणी ठेवून गेलंय. त्याच्या वर आणखी दोन मिटलेली.

सत्यभामा जवळ गेली. श्वास लागू नये म्हणून तोंडावर पदर धरला. बघितलं. पुन्हा बघितलं. मग वळून, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू असं अक्काकडं बघत म्हणाली, "अक्का, अर्धं जगलं. मग मी बी अर्धी राहू का?"

"कोणती अर्धी राहणार?"

"हात राहू द्या. तोंड घिऊन जातील हे."

"नगं!" आसाराम घाईनं म्हणाला. "हातच द्या मला, भाकरीला. तोंड ठिवा हितं."

अक्का हसता हसता खोकायला लागली. खोकला थांबल्यावर तिनं शेजारच्या डब्यातून एक आखूड, वाकड्या पात्याची सुरी काढली आणि मुठीकडून सत्यभामेपुढं धरली.

"घे."

सत्यभामा मागं सरली. "वर्सानं म्हनला हुता तुमी."

"ते जित्या लाकडासाठी. उजवं अंग मेलंय, त्याला तू आता काय दुखवणार? पण टाकायचं नाही ते. साल काढायची, आतलं लाकूड उघडं करायचं. उन्हानं पांढरं पडेल, हाडासारखं. वीज पडून अर्धी राहिलेली झाडं बघितलीस ना डोंगरात? तशी दिसेल ही. लोक विचारतील, केवढी जुनी, काय काय सोसलं हिनं. तुझी चूक लपवायची नाही, तिच्यावर हात चालवायचा. पण एक ध्यानात ठेव, जिथं हिरवं लागेल तिथं सुरी थांबली पाहिजे."

"आन् न्हाई थांबली तर?"

"तर मोटारसायकल उभीच आहे."

सत्यभामेनं सुरी घेतली. ती हलकी होती. तिनं सुती पदर कमरेला खोचला आणि फळीपुढं गुडघे टेकले.

"कुंडी धरा," ती आसारामला म्हणाली.

"मी? मी कावून?"

"मोकळं कोन हाय दुसरं?"

आसारामनं मुंडासं मागं सारलं आणि दोन्ही तळव्यांनी कुंडी धरली, जसं विणाऱ्या शेळीचं पोट धरतात तसं. सत्यभामेनं वाळल्या फांदीच्या टोकाला पातं टेकवलं आणि ढकललं. साल कुरकुरली, मग एक लांब पट्टी सुटून गोल गुंडाळत खाली पडली. आतलं लाकूड फिकट, ताकाच्या रंगाचं.

"आगं बया," ती पुटपुटली.

दुसरी पट्टी. तिसरी. पातं खोडाकडं सरकत चाललं तसा तिचा हात हळू झाला, कान लावून चालल्यासारखा. फांदी आणि खोड मिळतात तिथं तिनं सुरी जराशी फिरवली, आणि सालीखाली, केसाएवढी बारीक, ओली हिरवी रेघ दिसली.

सुरी थांबली.

अक्का खुर्चीतून पुढं झुकली. बराच वेळ रेघेकडं बघितलं, मग सत्यभामेच्या हाताकडं. "हं," म्हणाली. "आता खालच्या बाजूनं."

आसारामला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं. बसल्या जागी त्यानं वाकून बायकोचं तोंड बघायचा प्रयत्न केला. "मग? काय ठरलं? दोरी सोडू का गाडीची?"

"सोडा, पर नंतर," सत्यभामा म्हणाली. नजर तिनं वर केली नाही, पण आवाज अंगणभर हसत होता. "आता हलू नका हो, अजिबात हलू नका!"